आई देवाजवळ आहे

सातारा, ९ जून १९४२, मंगळवार

हत्यारं उकळायच्या भांड्याला डावा हात लागला. कळलं नाही. सोबतची नर्स म्हणाली, "रत्ना, अगं हात." बघते तर करंगळीपासून मनगटापर्यंत फोड उठलेला. तिने मलम लावलं. दोनदा विचारलं, "दुखत कसं नाही तुला?" दुखतंय म्हणाले. खोटं.

घरी यांना सांगितलं नाही. सुशी विचारत होती, आई तुला भूत चावलं का. चार वर्षांची झाली, पण भुताचं वेड जात नाही. सासूबाईंच्या गोष्टी.

११ जून, गुरुवार

दुपारी हे शाळेत, सासूबाई शेजारी. दार लावून टाचणी घेतली. कोपराच्या आत एक फिकट चट्टा आहे, रुपयाएवढा. उन्हाळ्यात घामोळं म्हणून सोडून दिला होता. त्यावर टोचलं. बाजूला टोचलं. परत त्यावर.

आठ वर्षं मिशनच्या दवाखान्यात आहे. दुसऱ्या कुणाच्या हातावर असता तर अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

सुशीला जवळ घेतलं नाही. पोट दुखतंय म्हणाले.

१५ जून, सोमवार

डॉक्टरबाईंकडे मीच गेले. त्यांनी कानाच्या पाळीतून नमुना घेतला, काचेवर लावला, स्वतः बघितला. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. त्या बोलायच्या आधी मीच म्हणाले, "महारोग." त्या म्हणाल्या, "सुरुवात आहे." मी म्हणाले, "सुरुवातच असते बाई सगळ्यांची."

संध्याकाळी यांना सांगितलं. हे बराच वेळ कोटाची गुंडी लावत होते. मग म्हणाले, आपण प्रार्थना करू. यांनी केली. मला ऐकू आली, शब्द सगळे ओळखीचे. आमेन म्हणायचं राहून गेलं.

२१ जून, रविवार

देवळात शेवटच्या बाकावर बसले. अजून कुणाला माहीत नाही, तरी शेजारी जागा सोडून. उपदेश भग्नहृदयी लोकांवर होता. देव त्यांच्या फार जवळ असतो, पाळक म्हणाले. हाच उपदेश मी खाटांच्या मधून फिरताना किती बायकांना केला असेल. ड्रेसिंग करता करता. ज्या ऐकून मान हलवायच्या त्या मला आवडायच्या. ज्या तोंड फिरवायच्या त्या हट्टी वाटायच्या.

२९ जून, सोमवार

उद्या निघायचं. सांगलीकडच्या आश्रमात जागा मिळाली. सासूबाईंनी माझी भांडी, माझं अंथरूण वेगळं बांधलं. रागाने नाही, रडत रडत बांधलं. पण तोंडावर पदर धरून.

सुशीला सांगितलंय, आई शिकायला चालली. ती म्हणाली, "तू तर मोठी आहेस." मग म्हणाली, "पाटी घेतलीस का?"

मुका घेतला नाही.

आश्रम, ३ जुलै, शुक्रवार

पोचून तीन दिवस झाले. सातारा रोडहून गाडीत शेवटच्या डब्यात, हे शेजारी बसले होते, हात मांडीवर घट्ट धरून. फाटकापाशी सलाम केला. मी पण सलाम केला. नवरा-बायको असं कधी करतात?

इकडे बायकांची चाळ वेगळी, पुरुषांची वेगळी. मध्ये कडुनिंबाची झाडं. पुढे चुना लावलेल्या दगडांची एक ओळ, भेटायला येणाऱ्यांनी तिच्यापलीकडे थांबायचं. आमची ओळ अलीकडे. दोन्हींत बारा हात.

माझ्या खोलीत बनाक्का म्हणून धनगरीण आहे, जत भागातली. पन्नाशीची असेल. उजव्या पायाला भोक पडलंय, बोटं झिजलीत. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुला तर कायबी झालं न्हाई. तू हितं कशाला मराया आलीस?"

तिला तिच्या दोन मुलांनी मिरजेच्या ठेसनावर बसवलं. पाणी आणतो म्हणून गेले. "लय लांबची हीर आसंल," ती म्हणते, आणि हसते. आठ वर्षं झाली.

१२ जुलै, रविवार

पाळकसाहेब सांगलीहून सायकलीवर येतात. आज प्रभुभोजन, भाकरी आणि द्राक्षरस. दोन प्याले आणले. एक त्यांचा आणि बाहेरून आलेल्या दोघांचा, पितळी, चकचकीत. एक आमचा, टिनाचा. मला वाईट वाटायचं कारण नाही. मी दवाखान्यात रोग्यांची भांडी अशीच वेगळी ठेवायचे आणि मुकाट्याने ठेवायचे.

टिनाच्या प्याल्याने घेतलं. ओठाला गंज लागला.

प्रार्थना झाली नाही. रोज लिहिणार आहे, झाली की नाही. ताप जसा तक्त्यावर लिहितात. यापुढे नुसतं प्रा.

४ ऑगस्ट, मंगळवार

आठवड्यातून दोनदा तेलाचं इंजेक्शन. कडू कवठाच्या जातीच्या बियांचं तेल, दाट. आत जाताना काकवी ढकलल्यासारखं. गाठ येते, दोन दिवस बसवत नाही.

इथले डॉक्टरसाहेब म्हणाले, तुम्ही नर्स आहात, बायकांची ड्रेसिंगं कराल का? नको म्हणाले. मी इथे काम करायला नाही आले, बरी व्हायला आले. ते म्हणाले, बरं.

खोलीत आल्यावर बनाक्का म्हणाली, "त्यो डागदर चार बायांची चिंधी बांधूस्तवर दुपार व्हती. माश्या बसत्यात." एवढंच. मग पाठ करून झोपली.

प्रा. नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

ड्रेसिंगं केली. अकरा. बनाक्काच्या पायातून खडा निघाला, भुईमुगाच्या दाण्याएवढा. तिला कधीपासून टोचत नव्हता ते सांगता येईना.

३० ऑगस्ट, रविवार

हे आले नाहीत. कराडकडे रूळ उखडलेत म्हणतात, तारा तोडल्यात. टपाल पण नाही. पाळकसाहेब म्हणाले, देशात मोठी गडबड आहे. मला देशाचं काही वाटत नाही, हे लिहायला लाज वाटते. गाडी कधी सुरू होईल एवढंच विचारलं.

प्रा. थोडी. फक्त नावं घेतली. ह्यांचं, सुशीचं.

११ ऑक्टोबर, रविवार

आले. दोघं.

सुशी उंच झाली. हिरवा फ्रॉक, सासूबाईंनी शिवलेला, एक बाही लांब. दगडांपाशी हे थांबले, ती थांबली नाही. यांनी हात धरून ओढलं. ती म्हणाली, "सोडा ना, आई तिथे आहे." मी म्हणाले, तिथेच थांब राणी, इथे माती ओली आहे. ती खाली बघून म्हणाली, "कोरडी आहे."

मग म्हणाली, "तू ये की इकडे."

मी गोष्ट सांगायला लागले, कोल्ह्याची. बारा हातांवरून गोष्ट ओरडून सांगावी लागते. कोल्हा हळू बोलतो तिथे पण ओरडून. ती हसली नाही. निघताना विचारलं, "तुझी शाळा कधी संपणार?"

यांनी पिशवी दगडावर ठेवली. लाडू, साबण, दोन पातळं. ते मागे सरल्यावर मी जाऊन उचलली.

२५ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ. पुरुषांनी दिमडी वाजवली. बोटं नाहीत त्यांनी मनगटाने. गीतं झाली. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना एकेक संत्रं दिलं.

बनाक्का आमच्यातली नाही, पण गाण्याला येऊन बसते. आज प्रभूजन्माची गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकली. खोलीत आल्यावर म्हणाली, "गोट्यात बाळंत झाली ती?"

"हो."

"संगं कोण बाईमाणूस न्हवतं?"

"तसं सांगितलेलं नाही."

"मंग नाळ कुणी कापली?"

इतकी वर्षं नाताळ केला, इतकी बाळंतपणं केली, हे कधी मनात आलं नाही. ती म्हणाली, "माजी चारीबी पोरं बकऱ्यांत झाली. रानात. दोन गेली. थंडीत बकरं जवळ घिऊन बसलं की ऊब ऱ्हाती." मग संत्रं सोलून अर्धं मला दिलं. "गरिबाचा द्येव दिसतुया तुजा. त्येला म्हाईत आसंल थंडी."

आज प्रा. झाली. लहान, पण झाली.

१४ फेब्रुवारी १९४३, रविवार

हे आणि सुशी आले. सुशी यांच्या मागे लपली. धोतर धरून. मी हाक मारली, तर यांना विचारलं, "ही कोण?"

हे म्हणाले, आई. ती म्हणाली, "आईला भुवया होत्या."

विरळ झाल्यात. आरसा ठेवत नाही, म्हणून माझ्या लक्षात नव्हतं.

प्रा. नाही.

८ एप्रिल, गुरुवार

बनाक्का गेली. काल सकाळी अंथरुणाची वळकटी करून ठेवलेली, काठी नाही, ती नाही. शेजारच्या खोलीतली म्हणाली, बिरोबाच्या जत्रेला गेली, पोरं तिथे येतात दरसाल. त्या पायाने. पन्नास-साठ मैल तरी असेल. डॉक्टरसाहेबांनी माणूस धाडला मिरज रस्त्यावर, सापडली नाही.

पट्टी नीट बांधली होती आदल्या दिवशी. तेवढंच.

१९ एप्रिल, सोमवार

बनाक्का आली. एका भल्या गाडीवानाने म्हैसाळपर्यंत आणलं, पुढे चालत. पाय उघडा केला आणि मला बाहेर जावं लागलं. दवाखान्यातल्या आठ वर्षांत कधी बाहेर गेले नव्हते.

पट्टी बांधताना विचारलं, "भेटली का मुलं?"

"थोरल्याची बायकू भेटली. भाकरी दगडावर ठिवली अन् लांब झाली. म्हनली, आत्याबाई, पोरींची लगनं हायेत, परत येऊ नगा."

"मुलगा?"

"झाडामागं हुता. त्येचं पागोटं दिसलं." पट्टीचं टोक तिने धरलं. "भाकरी चांगली हुती. बाजरीची."

मी म्हणाले, देवदर्शन तरी झालं. ती म्हणाली, "बिरोबा हुता जाग्यावर. त्यो कुटं जातुया."

२३ एप्रिल, शुक्रवार

उत्तम शुक्रवार. तीन तासांची भक्ती. पाळकसाहेब वधस्तंभावरून प्रभू जे सात शब्द बोलला त्यांवर बोलले. चौथ्या शब्दाशी, जिथे तो देवाला विचारतो की मला का टाकलंस, तिथे ते नेहमीसारखे लवकर पुढे गेले. मी तिथेच राहिले. त्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी उठला ते नंतर. त्या दुपारी नाही आलं.

याने आधार वाटायला हवा होता. माझ्याआधी तो इथे येऊन गेला वगैरे. वाटला नाही. वाटलं, त्यालाच नाही तर मला कुठून.

२२ जून, मंगळवार

यांचं पत्र. पुष्कळ दिवसांनी लांब. उतरवून ठेवते, कारण पत्र ठेवणार नाही.

"शाळेत मुलं सुशीला रक्तपितीची पोर म्हणू लागली. दोन घरांनी मुली काढून नेल्या. सुशी चार दिवस जेवली नाही. आईच्या मनाने घेतलं की असं चालणार नाही. तुला न विचारता केलं, क्षमा कर. आम्ही तिला आणि शेजारीपाजारी सांगितलंय की आई देवाजवळ आहे. ती रडली, मग शांत झाली. आता जेवते. मी येत जाईन, एकटा."

तीनदा वाचलं. दवाखान्यात मेलेल्या बायांच्या पोरांना मीच हे सांगायचे. याच शब्दांत.

बनाक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुजा मालक वाईट न्हाई."

"नाही."

"माजी पोरंबी वाईट न्हाईत," ती म्हणाली.

२७ जून, रविवार

भक्तीला गेले नाही. पाळकसाहेब चाळीपाशी आले, दगडांपलीकडे उभे राहिले. मी पत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "रत्नाबाई, देव या वेळीसुद्धा तुमच्या जवळ आहे."

मी म्हणाले, "किती जवळ? तुमच्याइतका?"

आवाज चढला असावा. बायका दारात आल्या. ते लाल झाले. त्यांनी खाली दगडांकडे बघितलं, मला वाटलं ओलांडतील. ओलांडले नाहीत. त्यांना तीन लहान मुलं आहेत. मग टोपी काढून तिथेच मातीत खाली बसले. म्हणाले, "मला उत्तर येत नाही." ऊन होतं. बराच वेळ बसले होते, तासभर तरी. मी पण आत गेले नाही. मग ते उठले, सायकल घेऊन गेले.

त्यांच्यावरचा राग गेला. बाकी तसंच.

४ जुलै, रविवार

आज भक्तीला गेले. प्याले दोनच होते.

२२ ऑगस्ट, रविवार

हे एकटे आले. केस पांढरे व्हायला लागले. सुशी पहिलीत आहे, कविता चांगली म्हणते, दात पडला. तो त्यांनी कागदात बांधून आणला होता. दगडावर ठेवला.

मी विचारलं, "निजताना प्रार्थनेत माझं नाव घेते का?"

यांनी मान खाली घातली. "आधी घ्यायची." मग म्हणाले, "गेलेल्यांसाठी आपल्यात करत नाहीत, म्हणून आता..."

बरोबर आहे. आपल्यात करत नाहीत.

१६ सप्टेंबर, गुरुवार

बनाक्काचा पाय काळा पडला होता, मोठ्या दवाखान्यात नेऊन घोट्यावरून काढला. परवा बैलगाडीतून परत आली. उतरवताना म्हणाली, "अर्दी मी फुडं ग्येले, अर्दी मागनं येते." बाकीच्या बायका हसल्या. खोलीत आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली ती दोन दिवस उठली नाही. तिला पेज पाजली. तिच्याजवळ बसून प्रा. करावी असं वाटलं, तिच्यासाठी. शब्द जमले नाहीत. नुसती बसले.

१० नोव्हेंबर, बुधवार

बारा दिवस ताप. अंगभर लाल गाठी, हातापायाच्या शिरा दोरीसारख्या. डॉक्टरसाहेब म्हणतात, रोग उसळला. तेल बंद, थोडे दिवस. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वळलंय, सरळ होत नाही. नमुन्यात जंतू आधीपेक्षा जास्त.

बरी होऊन घरी जाण्याबद्दल विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. चांगला माणूस.

बनाक्का कुबडीवर येऊन उशाशी बसायची. कपाळावर ओलं फडकं. ती काही म्हणत नव्हती, प्रार्थना नाही, नवस नाही. तापात एकदा मला वाटलं, तोच बसलाय. डोळे उघडले तर बनाक्का तंबाखू मळत होती. तेव्हा निराशा झाली. आता विचार करते तर कशाची झाली ते सांगता येत नाही.

प्रा. लिहायचं बंद करते. बहुतेक नाहीच असतं.

११ जानेवारी १९४४, मंगळवार

पत्र.

"सुशीच्या गालावर पांढरट डाग आलाय, चवलीच्या नाण्याएवढा. आई म्हणते जंत आहेत, ओवा देते आहे. पण महिना झाला, जात नाही. साताऱ्यात दाखवायची भीती वाटते, पुन्हा बोभाटा होईल. तिकडच्या डॉक्टरसाहेबांचा यात हात बसलेला आहे. वीस तारखेला गुरुवारी घेऊन येतो. तिला दवाखाना दाखवायला नेतो एवढंच सांगितलंय. तू समोर येऊ नकोस. ती तुला वर गेलेली समजते."

पुढे उद्या.

१२ जानेवारी, बुधवार

रोज शंभर डाग बघते. मुलांच्या गालावर डाग येतात, दहांत नऊ वेळा काही नसतं. जंतांनी येतात, उन्हाने येतात. पण ही माझी मुलगी. चार वर्षं माझ्या अंगाशी झोपली.

प्रार्थना केली. गुडघ्यावर, खूप दिवसांनी. शब्द आपोआप आले. तिला सोड. मला काय करायचं ते कर, तिला सोड.

१४ जानेवारी, शुक्रवार

हे लिहायचं की नाही. लिहिते, बनाक्काला वाचता येत नाही.

दुपारी ड्रेसिंगं आटोपून आले आणि खाट भिंतीपासून ओढली. खालून झाडलं. मग बनाक्काच्या खाटेचा पाय थोडा सरकवला. ती बाहेर उन्हात होती. माझं जुनं पातळ चौपदरी घालून दोन्ही खाटांच्या मध्ये पसरलं, जागा पुरते का बघितलं. पुरत होती. पाच-सहा वर्षांच्या मुलीला पुरेल एवढी. भिंतीकडे डोकं, म्हणजे दाराचा वारा लागणार नाही.

तिथे उभी राहून मला बरं वाटत होतं. किती महिन्यांनी. छातीत हलकं. आणि मग कळलं की मी काय करते आहे.

पातळ उचललं. खाटा जागच्या जागी लावल्या.

मी मागितलं नाही. देवाची शपथ, तोंडाने मागितलं नाही. उलट परवा गुडघ्यावर बसून त्याच्या उलट मागितलं. पण तो मनातलं ऐकतो. बाळंतपणात बाया ओरडून दमल्या, बोलता येईना, की मी त्यांना म्हणायचे, बोलू नका, तो इतका जवळ आहे की बोलायलाही लागत नाही.

दीड वर्ष मी त्याला जवळ ये म्हणून हाका मारल्या. आज वाटतंय, इतक्या जवळ नसावा.

१७ जानेवारी, सोमवार

झोप नाही, जेवण जात नाही. बनाक्काने दोनदा विचारलं. शेवटी सांगितलं. सगळं, खाटेसकट. ती मला हाकलेल असं वाटलं.

ती बराच वेळ कुबडीच्या टोकाने भुई उकरत होती. म्हणाली, "माजं पोरगं झाडामागं हुतं तवा मला वाटलं, ह्येलाबी व्हावं. मंग माज्यासंगं हितं ऱ्हाईल." मग म्हणाली, "न्हाई झालं त्येला काई. बरा हाय. बकरी राखतुया."

मी विचारलं, "मग तुला पाप वाटलं नाही?"

"वाटलं की. पाय ग्येला तवा वाटलं, त्येचंच हाय." खांदे उडवले. "पर पाय तर आदीच ग्येला हुता."

मला समाधान झालं नाही. पण आज भाकरी खाल्ली.

२० जानेवारी, गुरुवार

अकराला टांगा आला. मी बायकांच्या पडवीत, खांबाआड. ठरल्याप्रमाणे. सुशी उडी मारून उतरली. दोन वेण्या. चालताना डाव्या पायाने खडे उडवते, माझा भाऊ लहानपणी असंच करायचा. कडुनिंबाखालच्या बायकांकडे बघितलं, सगळ्यांकडे, एकेक करून, आणि यांचं बोट धरलं. माझ्यावरून पण नजर गेली. थांबली नाही.

गाल इथून दिसत नाही.

डॉक्टरसाहेबांच्या खोलीत नेलं. दार लावलं. तेव्हापासून लिहिते आहे, नाहीतर हात काय करतील सांगता येत नाही. बनाक्का शेजारी बसली आहे.

"काय मागतीस द्येवाकडं?"

"काही नाही."

खरंच काही मागत नाही. मागच्या आठवड्यातलं बुधवारचं तोंडाने मागितलेलं आहे, शुक्रवारचं मनातलं आहे. दोन्ही त्याच्यापाशी पोचलेली. आता तिसरं काय सांगू. तो इथेच आहे, याबद्दल आज मला मुळीच शंका नाही. पडवीत, या खांबापाशी, बनाक्काच्या आणि माझ्या मध्ये जेवढी जागा आहे त्यात. आणि मला त्याच्याकडे मान वळवून बघायची भीती वाटते.

आत सुशी काहीतरी म्हणते आहे. कविता असावी. डॉक्टरसाहेब लहान मुलांना कविता म्हणायला लावतात. चाल ऐकू येते, शब्द नाही.

थांबली.

दार उघडलं. डॉक्टरसाहेब एकटेच बाहेर आलेत. रांजणापाशी जाऊन हात धुताहेत. कोणालाही तपासलं की धुतात. त्यावरून काही कळत नाही.